शैक्षणिक कर्ज 'माफ होणार' म्हणे!

सोयाबीन सोंगायच्या दिवसांत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागला की समजायचं, निवडणूक जवळ आली. 'शैक्षणिक कर्जाचे हप्ते भरू नका, पीककर्जासारखं तेही माफ होणार. साडेसात लाखांपर्यंत तारण नसतं, बँक वावराला हात लावू शकत नाही. सरकारची हमी असते. आणि शिक्षण होईपर्यंत व्याज लागतच नाही.'

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी सेतू केंद्र चालवतो. कर्जाचे अर्ज भरायला पोरं माझ्याकडेच येतात, म्हणून लिहितोय.

माफीचं आधी. 2008 ची केंद्राची, 2017 ची दीड लाखांची, 2019 ची दोन लाखांची, या तिन्ही कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या. 2017 चे अर्ज मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भरलेत. त्यात इंजिनिअरिंगच्या फीचा रकाना नव्हता.

वावराचं बोलणं मात्र अर्धं खरं आहे. गहाण नसलेल्या शेताचा बँक परस्पर लिलाव करू शकत नाही, आणि सरफेसी कायद्यातून, म्हणजे ज्यानं बँक कोर्टात न जाता तारण विकू शकते त्यातून, शेतजमीन वगळलेलीच आहे. बँकेला कोर्टात जावं लागतं. पण वावर वाचलं म्हणजे बाप वाचला असं नाही. कर्जाच्या कागदावर पोराच्या सहीखाली बापाची सही असते, सहकर्जदार म्हणून. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांचंही बिघडतं.

गेल्या जूनमध्ये एक कास्तकार आले. ट्रॅक्टरच्या कर्जाला बँकेनं नकार दिला होता, कारण कळत नव्हतं. सिबिलचा रिपोर्ट काढून दिला. सोसायटीचं पीककर्ज स्वच्छ, सोनंतारण फेडलेलं. खाली एक ओळ: एज्युकेशन लोन, खातं जॉइंट, आणि महिन्यांच्या चौकटींत 30, 61, 91 असे चढत गेलेले थकीत दिवस. त्यांनी बोट ठेवलं. "हे माहं नोय ना भाऊ, पोट्ट्याचं हाय." सही कोणाची, ते मी दाखवलं नाही. त्यांना आठवलंच. पीककर्जाला सिबिल बघू नका असं सरकारनं बँकांना बजावून झालंय. ट्रॅक्टरला तसं काही नाही.

हमीचं एका ओळीत: ती बँकेला असते, विद्यार्थ्याला नाही. थकलेल्या रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत पैसे हमीतून बँकेला मिळतात, कर्जदाराकडून वसुली चालूच राहते.

आता व्याज, जिथे सगळ्यात जास्त पोरं फसतात. अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, हे खरं. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. चार वर्षं दरवर्षी एक लाख उचललं, दर 10 टक्के धरला, तर पाचव्या वर्षाअखेर सरळव्याजानं 1 लाख 40 हजार होतात आणि मुदलात मिसळतात. 5 लाख 40 हजारांवर दहा वर्षांचा महिन्याचा हप्ता 7,100 च्या आत-बाहेर. तेच व्याज शिकतानाच भरलं, पहिल्या वर्षी महिना सुमारे 833 रुपये, तर हप्ता 5,300 च्या आसपास राहतो. 833 रुपये म्हणजे काही गंमत नाही, मान्य. पण चुकारा आला की चार महिन्यांचे एकदम भरणारे बाप मी पाहिलेत.

आणि ज्या गोष्टीचा मेसेज फिरायला हवा, तो कोणी फिरवत नाही. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, अभ्यासक्रम व्यावसायिक-तांत्रिक आणि कॉलेज नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांकडून मानांकित असेल, तर हप्ता नसलेल्या त्या काळाचं व्याज केंद्राच्या योजनेतून मिळू शकतं. शिक्षण मध्येच सोडलं तर नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो बँकेत वेळेत द्यावा लागतो. जूनमध्ये तहसीलात दाखल्यांची रांग पायऱ्यांवर येते, म्हणून मी मार्चमध्येच सांगतो. तेव्हा कोणी येत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या असतात.