रेडिओवाल्यांनो, फोन लावायचाच तर साहेबाला लावा

रेडिओवरच्या प्रँक कॉलवर, म्हणजे सोंग घेऊन कोणाची फजिती करणाऱ्या फोनवर, मला हसू येत नाही. गावच्या ग्रुपवर असा कॉल कोणी टाकला की खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कृषी केंद्रात माझ्या शेजारचा पोरगा कामाला आहे. पेरणीच्या तोंडावर त्याला एका एफएमवाल्याचा फोन आला. "तालुक्याहून कृषी अधिकारी बोलतोय. तुमच्याकडचं बियाणं बोगस निघालं, गुन्हा दाखल होतोय." ऐन हंगामात बोगस बियाण्याच्या धाडी पडत असतात, तेव्हा ही थाप त्याला थाप वाटणार कशी? तो म्हणत राहिला, "साहेब, मी फक्त कामाले हाओ जी. मालकाले बोलावतो जी." आवाज रडवेला झाला, तसा पलीकडचा आणखी चढला. शेवटी हशा, आणि वर ढिंगच्याक संगीत. ती क्लिप पाटणबोरीपासून वणीपर्यंत फिरली. गावात लोक त्याला 'बोगस' म्हणून हाक मारतात. अनोळखी नंबर दिसला की तो फोन मालकाच्या हातात देतो.

त्यात विनोद कुठला होता? पोरगं नोकरीवर होतं आणि फोन ठेवायची त्याची हिंमत नव्हती, एवढंच. ज्याला फोन कापता येत नाही, त्यालाच हे लोक हेरतात.

यातून काय होऊ शकतं, ते जगानं पाहिलंय. 4 डिसेंबर 2012. सिडनीच्या टूडे एफएमच्या दोन निवेदकांनी लंडनच्या किंग एडवर्ड सातवे रुग्णालयात फोन लावला. ब्रिटनच्या राजघराण्याच्या सून केट मिडलटन तिथे भरती होत्या. हे दोघे राणी आणि प्रिन्स चार्ल्स बनून बोलले. पहाटेची वेळ, टेलिफोनवर कोणी नाही, म्हणून जॅसिंथा सल्डान्हा या नर्सनं फोन उचलला आणि वॉर्डात जोडून दिला. तिनं एवढंच केलं. केटच्या तब्येतीची माहिती सांगितली ती दुसऱ्या नर्सनं. पण तो कॉल जगभर वाजला आणि तीन दिवसांनी जॅसिंथानं जीव दिला. मूळची मंगळूरकडची बाई, दोन लेकरांची आई, वय 46.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. तो कॉल थेट प्रसारित झालेलाच नव्हता! आधी रेकॉर्ड केला, वकिलांना ऐकवला, मग वाजवला. म्हणजे थांबून विचार करायला वेळ होता. त्या दोन्ही नर्सची परवानगी मात्र कोणी घेतली नाही. 2015 साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वाहिनीनं कायदा मोडला की नाही, हे तिथल्या नियामकाला ठरवता येतं. तोवर जॅसिंथाला जाऊन दोन वर्षं उलटली होती.

आपल्याकडेही 2007 मध्ये दिल्लीच्या एका आरजेनं, म्हणजे रेडिओ निवेदकानं, 'इंडियन आयडल' जिंकलेल्या प्रशांत तमांगवरून नेपाळी भाषकांच्या चौकीदारीची टिंगल केली. त्यावरून सिलिगुडीत दंगल पेटली, संचारबंदी लागली. एका माणसाच्या कष्टाच्या नोकरीवर विनोद करणाऱ्याला स्टुडिओत बसून हे दिसत नाही.

मला आरजेंचं वावडं नाही. मुंबईची आरजे मलिष्का, तिनं 2017 मध्ये मुंबईच्या खड्ड्यांवरून महापालिकेची गाण्यातून खेचली, तेव्हा मी ते गाणं चार जणांना पाठवलं होतं. बदल्यात पालिकेनं तिच्या घरी डेंग्यूच्या अळ्या शोधल्या, नोटीस धाडली. नगरसेवकांनी तर 500 कोटींच्या दाव्याची भाषा केली. त्या बाईनं ज्याची खेचली त्याच्याकडे उलट मारायची ताकद होती. म्हणून ती हिंमत. आमच्या पोराकडे काय होतं?

"मग रेडिओनं हसवायचंच नाही का?" असं एका मित्रानं विचारलं. हसवा ना बाप्पा! कापूस वेचताना बाया ओटीत मोबाईल ठेवून ऐकतात, जागलीवर रानडुकरं हाकलायला रात्रभर रेडिओ सुरू असतो. नागपूर आकाशवाणीनं आमच्या आजोबांच्या पिढीला वावरातल्या गोष्टींवर हसवलं. त्यासाठी कोणाला रडवावं लागलं नाही.

माझं मागणं साधं आहे. ज्याचा आवाज रेकॉर्ड केला, त्याला वाजवण्याआधी विचारा. तेही ज्यानं फसवलं त्यानं नको, दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या दिवशी. नाही म्हणाला तर पुसून टाका. ड्युटीवरच्या नर्सला, आशाताईला, कंडक्टरला, दुकानातल्या पोराला धरू नका. आणि आपल्यातल्यांनी ती क्लिप पुढे ढकलू नये.

फोन लावायची एवढीच हौस असेल, तर आमच्याकडे डीपी (वावरातल्या विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळते आणि हरभरा पाण्यावाचून उभा सुकतो. ज्या साहेबाच्या सहीनं नवी डीपी येते, त्याला लावा. स्वतःचं खरं नाव सांगा, कॉल प्रसारित होतोय हेही सांगा आणि विचारा, केव्हा बसवता? तो कार्यक्रम आम्ही ओलीत थांबवून ऐकू.