आहे की गॅस!

दुसऱ्याच्या गाडीच्या बॉनेटखाली हात घालण्याआधी विचारावं, एवढी अपेक्षा काही फार नाही. माझ्या गाडीच्या एसीचा गॅस कुठून गळतोय ते शोधायचं चाललं होतं. मी पिवळा चष्मा घ्यायला डिकीकडे वळलो आणि मागून 'फुस्स्स' असा आवाज आला. पाठोपाठ शेजारच्या काकांचा विजयी उद्गार : "आहे की गॅस! उगाच गळतोय गळतोय करतोस!"

काकांनी लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या, गॅस भरायच्या व्हॉल्व्हचं टोपण फिरवून काढलं होतं आणि स्कूटरची किल्ली आत खुपसून पिन दाबली होती. टायरमध्ये हवा आहे का बघतात, अगदी तसं. मग बोट झटकत म्हणाले, "गार आहे रे! म्हणजे क्वालिटी पण चांगली आहे."

गार असणारच. एसीतला आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. द्रव स्वरूपात बोटावर आला तर कातडी भाजल्यासारखी होते, डोळ्यात गेला तर विचारायलाच नको. म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय या कामाला हात लावायचा नसतो. हातमोजे माझ्या हातात होते, चष्मा डिकीत होता आणि काका बनियनवर होते.

वाद सुरू झाला होता तो गाडीखालच्या पाण्यावरून. पार्किंगमध्ये एसी चालू ठेवला की इंजिनाच्या मागच्या अंगाला खाली पाणी ठिबकतं. काकांनी उकिडवं बसून त्या थारोळ्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि निकाल दिला : "हाच तुझा गॅस. बघ, सगळा खाली आलाय." मी म्हटलं, "काका, ते पाणी आहे. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ जमते, ती नळीतून खाली पडते. ठिबकतंय हे चांगलं लक्षण आहे. बाहेर पडायचं थांबलं आणि पायाखालची चटई ओली झाली, तर ती नळी तुंबली समजायचं." काका म्हणाले, "पाणी कसं असेल? आपण पाणी भरतो का एसीत?"

यावर काय बोलणार?

काकांचा सिद्धान्त असा, की गाडीला पेट्रोल लागतं तसा एसीला गॅस लागतो. वर्षभर एसी चालवला की संपतो, मग उन्हाळ्याआधी भरून घ्यायचा. हा सिद्धान्त एकट्या काकांचा असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण गाडी बाळगणाऱ्या निम्म्या जगाचा तोच समज आहे, आणि 'गॅस चेक करून टॉप-अप मारतो' म्हणणाऱ्यांचं दुकान त्याच समजावर चालतं. एसीत गॅस खर्च होत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीतल्या कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो सुटतो, कूलिंग कॉइलमध्ये उकळून हवा गार करतो आणि परत कॉम्प्रेसरकडे येतो. तेवढाच गॅस, वर्षानुवर्षं. घरच्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात कोणी गॅस भरत नाही. फ्रिज पूर्ण सीलबंद असतो, हे खरं. गाडीत कॉम्प्रेसर बहुधा पट्ट्यावर फिरतो, त्याच्या शाफ्टला सील असतं, इंजिन हलतं म्हणून मध्ये रबरी नळ्या असतात. त्या रबरातून थोडा गॅस झिरपतोच, पण थंडावा कमी झाल्याचं जाणवेपर्यंत कित्येक वर्षं जातात. दर वर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळतंय, बास.

आणि गळतंय कुठे, ते शोधायचंच तर काम चाललं होतं. यंत्रणेत तेलाबरोबर थोडा रंग सोडलेला होता. हा रंग तेलात मिसळून सगळीकडे फिरतो आणि जिथून गॅस निसटतो तिथे तेलासोबत बाहेर येतो. साध्या उजेडात काही दिसत नाही, पण अंधारात ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या जांभळ्या टॉर्चखाली पिवळसर हिरवा चमकतो. रंग टाकला की गाडी काही दिवस एसी लावून चालवायची आणि मग संधिप्रकाशात, पिवळा चष्मा लावून, सांधा न् सांधा तपासायचा. कंडेन्सरच्या कडा, कारण तो सगळ्यात पुढे, खडे त्यालाच लागतात. कॉम्प्रेसरचं नाक, कारण शाफ्टचं सील गेलं की त्याच्याच क्लचच्या भोवती तेल उडालेलं दिसतं. रबरी नळी जिथे ॲल्युमिनियमच्या नळीत दाबून बसवलेली असते तो पट्टा. प्रत्येक ओ-रिंगचा, म्हणजे रबरी कडीचा, सांधा. आणि भरायचे दोन व्हॉल्व्ह. रंग न टाकताही बरंच कळतं : कोरड्या इंजिनात एखाद्याच सांध्यावर तेलकट धूळ बसली असेल तर संशयित सापडला.

इतकं सगळं जमवून मी चष्मा लावून परत आलो, टॉर्च पेटवला, आणि व्हॉल्व्हच्या आसपासचं वीतभर क्षेत्र लखलखत होतं. नळी, बॅटरीचा कोपरा, फेंडरची आतली बाजू. पिन दाबली तेव्हा गॅसबरोबर तेल उडालं, तेलाबरोबर रंग. आता यातला गळतीचा कुठला आणि काकांचा कुठला, हे कोण सांगणार?

"अरे वा, हे काय आहे?" काका वाकले, आणि टॉर्च त्यांच्यावर पडला. उजव्या हाताची दोन बोटं हिरवी. बनियनवर शिंतोडे. डोकं खाजवलं असावं, कारण टकलावरही एक झगझगीत पट्टा होता. त्यांनी स्वतःचा हात टॉर्चखाली धरला, उलटसुलट करून पाहिला आणि घाबरण्याऐवजी खूश झाले. "थांब, हिला दाखवतो." काकू गॅलरीत आल्या. काकांनी खालून दोन्ही हात वर केले. काकू म्हणाल्या, "आंघोळ करून घरात या." टॉर्च माझ्याकडून कधीच गेला होता. पुढचा काही वेळ काका आपल्या अंगावर कुठे कुठे रंग आहे ते शोधत होते आणि सापडला की मला हाक मारत होते. कानाच्या पाळीवर. किल्लीवर. चपलेच्या अंगठ्यावर. एवढ्या चिकाटीने ते कंडेन्सर तपासायला बसले असते तर त्याच दिवशी काम आटोपलं असतं.

मुद्दा आवाजाचा. आवाज आला म्हणजे गॅस आहे, इतकंच. किती आहे, ते आवाज सांगत नाही आणि गाडी बंद असताना गेजचा काटाही सांगत नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी दाब फक्त तापमानावर ठरतो : ३० अंशांना आर-१३४ए साधारण पावणेसात बार दाखवतो, निम्मा गॅस उडालेला असला तरी. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मग बरोबरच आहे ना दाब?"

खरा वैताग पुढे आहे. ही पिन एकदा अशी आडवीतिडवी दाबली की तिचं रबर परत नीट बसेलच असं नाही. व्हॉल्व्हच्या तोंडात साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून बघितला, तर एकामागून एक बारीक बुडबुडे यायला लागले. म्हणजे आधी एक गळती होती, आता दोन. शिवाय टोपण गायब. लोकांना ते टोपण शोभेचं वाटतं. त्याच्या आत रबरी वॉशर असतो आणि पिनेतून जे झिरपतं ते अडवायचं काम त्याच्याकडेच असतं. पिन गाडीच्या एसीचीच लागते. टायरची पिन दिसायला बहीण, पण तिचं रबर या गॅससाठी आणि तेलासाठी बनवलेलं नसतं. बदलायची म्हणजे सगळा गॅस काढा.

तो हवेत सोडायचा नसतो. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून १९९०च्या दशकात आर-१२ या जुन्या गॅसच्या जागी आला. पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडला, शंभर वर्षांच्या हिशेबात, १४३० पट भारी आहे. बऱ्याच देशांत तो मुद्दाम सोडणं गुन्हा आहे. गॅस खेचून साठवणारं रिकव्हरी मशीन असलेल्याकडून काढून घ्यायचा. घरी करण्यासारखं काम त्यानंतरचं.

रंग मी मऊ फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने पुसून काढला आणि पुन्हा शोध घेतला. कंडेन्सरच्या खालच्या सांध्यावर ओ-रिंग कडक होऊन चपटी झालेली निघाली. दमडीची वस्तू. पण ती बदलतानाही लोक घाण करतात. सांधा सोडताना नळीला एक पाना लावून धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. सांधा उघडला की दोन्ही तोंडं लगेच झाकायची, कारण आतलं पीएजी तेल, म्हणजे कॉम्प्रेसरचं वंगण, हवेतलं पाणी अधाशासारखं शोषतं. ओ-रिंग त्याच मापाची, एसीचीच, तेलाचं बोट फिरवून बसवायची. कोरडी बसवली की पिळून कापली जाते. सहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. 'अजून थोडा टाइट' करणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचे आटे उडवलेले असतात आणि मग सांधा नाही, अख्खा कंडेन्सर बदलावा लागतो. यंत्रणा फार वेळ उघडी राहिली असेल तर आतला ओलावा शोषणारा ड्रायरही नवा घालायचा, आणि तो सगळ्यात शेवटी बसवायचा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे पीएजी तेल चालत नाही, तिच्या पुस्तकात सांगितलेलंच वापरायचं, कारण तिथे विजेची मोटर त्याच तेलात असते.

मग व्हॅक्यूम. पंप पाऊण तास तरी चालवायचा. हवा पाच मिनिटांत निघते, वेळ लागतो तो आतल्या ओलाव्याची वाफ होऊन निघायला. पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला तर गळती आहे. नाही हलला तर गळती नाही, असं मात्र नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एक बारचा दाब असतो. एसी चालू असताना हाय साइडला आतून बाहेर पंधरा बार असतो. आतून ढकललं की उघडणारी फट बाहेरून दाबली की मिटते. म्हणून रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन १० बार दाबापर्यंत भरतात आणि साबणाचं पाणी लावतात. ऑक्सिजन कधीच नाही, आत तेल आहे, स्फोट होईल. काकांनी सुचवलं, "त्यापेक्षा ते लीक बंद करायचं औषध मिळतं ना, ते टाक." ते औषध म्हणजे सीलंट. भोक बुजतं की नाही ते नशीब, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह मात्र हमखास धोक्यात येतो, आणि ज्याच्या रिकव्हरी मशीनमध्ये ते शिरतं तो पुढच्या वेळी गाडी दारात उभी करू देत नाही.

भरताना वजनकाटा. बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर ग्रॅममध्ये आकडा असतो, छोट्या गाड्यांना साधारण चारशे-पाचशे. भरायच्या नळीतली हवा आधी बाहेर काढायची. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने, गॅसचा डबा उभा धरून, म्हणजे वाफच आत जाते. उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि तो द्रव दाबू शकत नाही. हाय साइडचा व्हॉल्व्ह तेव्हा बंदच, नाहीतर तिकडचा दाब डब्यात शिरून डबा फुटतो. 'थोडा जास्त असू दे' ही भाजीवाल्याची पद्धत इथे चालत नाही. जास्त झाला की हाय साइडचा दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो.

एवढं होऊन आतल्या झरोक्यात थर्मामीटरने सहा अंश दाखवले. काकांनी आत बसून हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हे आधीच होतं. मी सांगितलं नव्हतं, गॅस आहे म्हणून?"

पार्किंगमध्ये आता तीच हकीकत फिरते आहे. गाडीत गॅस भरपूर होता, काकांनी स्वतः दाबून बघितला, मी उगाच इतके उपद्व्याप केले. काल दुसऱ्या एका शेजाऱ्याच्या कोऱ्या गाडीचं बॉनेट वर होतं आणि त्याच्याखाली ओळखीचं टक्कल दिसलं. त्या गाडीत आर-१२३४वायएफ हा नवा गॅस आहे. तो १३४एपेक्षा कितीतरी महाग, शिवाय थोडासा पेट घेणारा.

मी गॅलरीतून ओरडलो, "काका, पिन दाबू नका!"

"घाबरू नकोस," काका खालून ओरडले, "या वेळी हातमोजा घातलाय."