खुलासा : राष्ट्रसंघात भारत होताच

"गुलाम देश म्हणून भारताला राष्ट्रसंघात प्रवेशच नव्हता, १९४७ नंतर प्रथमच आपण जागतिक संघटनेचे सदस्य झालो" असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो खातरजमा न करता दोन ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. (इथे राष्ट्रसंघ म्हणजे लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना.)

पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह उघडून बघा. भारताचं नाव त्यात वेगळं आहे आणि पुढे दोन प्रतिनिधी : ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. तारीख २८ जून १९१९. राष्ट्रसंघाची सनद याच तहाचा पहिला भाग, आणि तिच्या परिशिष्टातल्या मूळ सदस्यांच्या यादीत कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड यांच्यासोबत 'भारत' छापलेलं आहे.

आता मेसेजमागची भावना अगदीच निराधार नाही. राष्ट्रसंघात जाणारं भारताचं शिष्टमंडळ लंडनच्या सल्ल्याने ठरायचं. त्याचं नेतृत्व पहिल्यांदा भारतीयाकडे आलं ते १९२९ साली, महंमद हबीबुल्ला यांच्याकडे. म्हणजे खुर्ची होती, आवाज मात्र बराचसा उसना. तरी १९३७ साली राष्ट्रसंघाच्या असेंब्लीचे (सर्व सदस्य देशांच्या सभेचे) अध्यक्ष भारताचे प्रतिनिधी आगाखान होते.

आणि १९४७ही चूकच. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर भारताची सही जून १९४५ची आहे. (आपण दोन्ही संस्थांना सर्रास 'राष्ट्रसंघ' म्हणतो, घोळ बहुधा तिथूनच.)

राष्ट्रसंघाची मूळ कागदपत्रं जिनिव्हात जपलेली आहेत, ऑनलाइनही बघता येतात. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मी माझा दोन्हीकडून काढला आहे.