पुरळ सुकले म्हणजे डोळा सुटला, असे नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डोळ्याच्या नागिणीवरील माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोन दिवसांत अनेकदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. नागीण आपोआप बरी होते आणि पुरळ सुकले की आजार संपतो. आपल्या मामांना कपाळावर नागीण झाली होती, पण पंधरा दिवसांत ते कामाला लागले आणि डोळ्यांना काही झाले नाही. ७२ तासांत औषध सुरू करण्याचा माझा आग्रह अतिरेकी आहे. नागिणीच्या लशीचा उल्लेख अनावश्यक आहे. आणि मी ‘स्वतःच्या दुखण्याचे भांडवल करून लोकांना घाबरवण्याचा उद्योग’ चालवला आहे, असे आपले म्हणणे. हचिन्सन यांना मी फ्रेंच म्हटले, हेही आपण दाखवून दिलेत.

ही शेवटची चूक मला मान्य आहे. जोनाथन हचिन्सन हे इंग्रज शल्यचिकित्सक होते. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड उठले तर डोळ्याला बाधा होण्याची शक्यता बरीच वाढते, ही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी खूण डॉक्टर आजही पाहतात.

‘भांडवल’ हा शब्द मात्र आपण वापरायला नको होता. माझे लिखाण चुकीचे आहे असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, पण भांडवल म्हटले की त्यातून काहीतरी कमावले, असा आरोप होतो. उजव्या डोळ्यावर आलेल्या व्रणामुळे मला त्या डोळ्याने छापील ओळ वाचता येत नाही, आणि हा लेखही मी डावा डोळा दुखेपर्यंत बसून तीन दिवसांत लिहिला होता. हे न विचारता एका अनोळखी बाईच्या हेतूबद्दल निकाल देऊन मोकळे होणे, याला मी परखडपणा म्हणत नाही.

आता आपल्या त्या एका वाक्याकडे येते : ‘पुरळ सुकले की आजार संपतो.’ नेमक्या याच समजुतीने माझे नुकसान केले, म्हणून तिला सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळांशी असलेल्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा जागा होऊन त्याच तंतूवरून बाहेर येतो. चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच्या तीन शाखांपैकी पहिली शाखा कपाळ, वरची पापणी आणि नाक यांच्याबरोबरच प्रत्यक्ष डोळ्यालाही जाते. म्हणजे कपाळावरचे फोड आणि डोळ्याच्या आतला दाह ही एकाच तंतूची दोन टोके आहेत, आणि एक टोक बरे झाले म्हणून दुसरेही झाले, असे गृहीत धरता येत नाही. विषाणूरोधक औषध न घेतलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या डोळ्याला काही ना काही बाधा होते, आणि त्यातली काही दुखणी खपल्या पडून गेल्यानंतर कित्येक आठवड्यांनी उघडकीस येतात.

माझ्या बाबतीत असेच घडले. ज्या डॉक्टरांना मी प्रथम दाखवले त्यांनी त्वचेचे मलम दिले आणि आठ दिवसांत उतरेल असे सांगितले. तिसऱ्या आठवड्यात खपल्या गळून पडल्या, आणि मीही आपल्यासारखीच ‘संपले एकदाचे’ म्हणाले. सातव्या आठवड्यात दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी तपासून डोळ्याच्या आत दाह असल्याचे सांगितले. डोळ्याचा दाब ३८ निघाला. तो साधारणपणे १० ते २१ असावा लागतो. मग त्यांनी कापसाची वात ओढून दोऱ्याइतकी बारीक केली आणि डाव्या बुबुळाला टेकवली, तर पापणी झटकन मिटली. उजव्या डोळ्यापाशी ती वात येताना मला दिसली, टेकलेलीही दिसली, पण पापणी जागची हलली नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, संवेदना गेली होती.

या आजारात सर्वांत फसवे काही असेल तर ते हेच. बधिर झालेला कॉर्निया खुपत नाही, पापणीची उघडझाप कमी होते, पृष्ठभाग कोरडा पडतो आणि त्यावर व्रण पडला तरी रुग्णाला फारसे दुखत नाही. तो समजतो की आराम पडला. पुढे पांढरा डाग, काचबिंदू, मोतीबिंदू यांपैकी काहीही उद्भवू शकते. क्वचित दृष्टिपटलालाही गंभीर इजा होते. दाहासाठी लागणारे स्टेरॉइडचे थेंब नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागतात, ते अनेक महिने हळूहळू कमी करावे लागतात आणि मनाने बंद केले तर दाह उलटतो. तो एकदा माझाही उलटला आहे. हे सगळे लिहिणे म्हणजे घाबरवणे असेल, तर वेळीच मला कोणीतरी असे घाबरवायला हवे होते.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो, आणि डोळा गुंतला असेल तर उशीर झाला तरी त्या दिल्या जातात. माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचला असता तर हे दुसरे वाक्यही आपल्याला सापडले असते. लशीचा उल्लेख आवश्यकच होता, हे माझे मत बदललेले नाही.

मामांचे मात्र मनावर घेतले आहे. ते बरे झाले याचा मला खरोखर आनंद आहे, आणि ते पूर्ण बरे असावेत अशी इच्छाही आहे. परंतु ‘डोळ्यांना काही झाले नाही’ हे आपण कशावरून लिहिलेत? दुखत नाही, एवढ्यावरून लिहिले असेल, तर कृपया त्यांना या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा, नागीण झाली होती हे आठवणीने सांगा, डोळ्याचा दाब मोजून घ्या आणि बाधित बाजूच्या कॉर्नियाची संवेदना तपासायला सांगा. काय निघाले ते इथे कळवलेत, तर मी ते आपल्याच शब्दांत लेखाखाली जोडेन.