‘घटना म्हणजे नुसता कागद’ हे खरं नाही

‘घटना म्हणजे नुसता कागद. स्टालिनकडेही घटना होती, हिटलर घटनेच्या मार्गानेच आला, भारतातही आणीबाणी लागलीच. हुकूमशाही रोखतात ती चांगली माणसं.’ असा मजकूर बरेच जण पुढे पाठवत आहेत. उदाहरणं खरी आहेत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. एकदा कागदच म्हटलं की त्यातलं कुठलं कलम बदललं जातंय इकडे कोण बघणार?

स्टालिनचं आधी. १९३६ च्या सोव्हिएत घटनेत भाषण, वृत्तपत्रं, सभा यांचं स्वातंत्र्य होतं, मनमानी अटकेपासून संरक्षणही होतं. पुढच्या दोन वर्षांत साडेसहा लाखांहून अधिक लोकांना मृत्युदंड दिला गेला. हक्क लिहिलेले होते, पण ते मागायला जायचं तर पक्षाच्या मुठीबाहेरचं एकही दार नव्हतं.

जर्मनीचं उदाहरण मात्र बारकाईने बघायला हवं. हिटलर येण्याआधीच्या जर्मनीच्या, म्हणजे वायमार घटनेच्या कलम ४८ नुसार राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीचे हुकूम काढता येत, आणि संसदेने मागणी केली तर ते मागे घेणं त्याला भाग होतं. इथवर ठीक. पण कलम २५ ने त्याच राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करायचा अधिकार दिला होता. जुलै १९३० मध्ये संसदेने हुकूम रद्द करायची मागणी केली, तर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी संसदच बरखास्त केली आणि हुकूम नव्याने काढला. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि तेव्हा हिटलर सत्तेत यायला अजून अडीच वर्षं होती. १९३३ च्या फेब्रुवारीत नागरिकांचे हक्क गोठवले गेले तेही कलम ४८ खालीच.

ही फट बुजवली तर काय होतं? दक्षिण कोरियाच्या १९८७ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षाकडून संसद बरखास्तीचा अधिकार काढून घेतला. कलम ७७ सांगतं, एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी झाली की लष्करी कायदा उठवलाच पाहिजे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी तो लागू केला. सैनिक खिडक्या फोडून संसदेत शिरले. काही सदस्य कुंपणावरून चढून आत आले, सभापतीसुद्धा. ३०० पैकी १९० जण पोहोचले आणि सगळ्यांनी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिलं. पहाटे तो उठला.

कुंपण चढायला लागणारं धैर्य कलमातून येत नाही, हे अगदी मान्य. पण आत १५१ मतं पडली की पुरे, हे ठाऊक होतं म्हणून तर ते तिकडे धावले!

चांगल्या माणसाचं म्हणाल तर १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. हंसराज खन्ना होतेच. आणीबाणीतही बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता आली पाहिजे, असं पाच न्यायमूर्तींपैकी ते एकटे म्हणाले. निकाल चार विरुद्ध एक. तुरुंगातल्या माणसाला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मात्र आणीबाणीतही कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाणं रोखता येत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावर राष्ट्रपतींची सही झाली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हातात आल्याशिवाय राष्ट्रपतींना ती सही करता येत नाही.