‘पोकळ झाड ठेवा, हिरवं पाडा’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आम्हाला एक तारा दिलात. तक्रार थोडक्यात अशी : फाटकाजवळचं ढोली असलेलं झाड काढायला आम्हाला बोलावलं, तर आम्ही ते राहू द्या म्हणालो आणि उलट घरामागचं हिरवंगार झाड पाडायला सांगितलं. पाहणीचे पैसे घेतले आणि हातात नुसता अहवाल दिला. दुसरा एक जण मात्र एका दिवसात दोन्ही झाडांचे शेंडे उडवून द्यायला तयार आहे. घडलं ते असंच. पण यावरून ‘यांना झाडातलं कळत नाही, नाहीतर नको ते काम गळ्यात मारतात’ हे जे तुम्ही लिहिलंत, ते आम्हाला मान्य नाही. इथे इतरही लोक वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फाटकाजवळचं झाड. ढोली बघून पोटात गोळा येतो, ते साहजिकच आहे. पण वाऱ्याचा जोर पेलतं ते मुख्यतः खोडाचं बाहेरचं लाकूड, मधल्या गाभ्याचा त्यात वाटा थोडा. नळी व्यासाच्या निम्म्यापर्यंत पोकळ असली तरी वाकवणाऱ्या जोरापुढे ती भरीव दांड्यापेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी कमी पडते. त्यापुढे मात्र ताकद झपाट्याने घसरते. म्हणून या कामात एक ढोबळ माप वापरतात : त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश इतकी शाबूत लाकडाची भिंत हवी. तुमच्या झाडाची त्रिज्या ४० सेंटीमीटर, म्हणजे भिंत १३ सेंटीमीटरच्या आसपास हवी. लाकडी हातोडीने बुंधा ठोकत गेलो आणि जिथे आवाज भद्द आला तिथे बारीक ड्रिल आत घालून मोजलं. सगळ्यात पातळ जागी १९ सेंटीमीटर भरली. ढोलीचं तोंड रुंद असतं तर हा हिशेब चालला नसता, पण ते लहान आहे आणि त्याच्या कडेने नवं लाकूड चांगलं जाड वळून आलंय.

ढोलीत सिमेंट भरायचं का, असंही तुम्ही विचारलं होतंत. पूर्वी भरत असत. खोड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, मधे फट पडते आणि ओल तिथेच कोंडून राहते. झाड जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती कुंपण घालून तो वेगळा पाडतं. झाडांच्या कुजण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७७ मध्ये हे नीट मांडलं, त्यानंतर ढोल्या बुजवायची पद्धत मागे पडत गेली. आणि हो, फाटकावर आलेल्या दोन वाळक्या फांद्या काढायच्या आहेत, तेही अहवालात आहे. तुमच्या लिहिण्यात ते राहून गेलं.

आता मागचं झाड. खरं बिनसलं ते इथे. पालवी फुटलीय, पानं तजेलदार आहेत, मग झाड धोक्याचं कसं, हा तुमचा मुद्दा. पानांपर्यंत पाणी पोचवायला सालीलगतचे ताजे थर आणि शाबूत राहिलेली मुळं बराच काळ पुरतात. झाड उभं धरून ठेवायला मात्र बुंध्यालगतची जाड मुळं लागतात, आणि ती कुजली तरी शेंड्यावर कित्येकदा काहीच दिसत नाही. वादळात भर पालवीतली झाडं मुळासकट उन्मळतात ती बऱ्याचदा यामुळेच.

तुमच्या झाडाच्या बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, वरून तपकिरी, कडेला पांढरी, लाकडासारखी टणक अळंबी आली आहे. ती गॅनोडर्मा, म्हणजे बुंधा आणि मुळं कुजवणारी बुरशी. तुम्ही ती पायाने उडवायला निघाला होतात, आम्ही थांबवलं. उडवली असती तरी बुरशी आत आहे तशीच राहिली असती, फक्त आपल्याला दिसणारी खूण गेली असती. त्यात घराच्या विरुद्ध बाजूला, गाडीच्या जागेसाठी खणलेल्या चरात जाड मुळं सरळ कापली गेलीत. झाड घराकडे झुकलंय, म्हणजे त्याला मागे खेचून धरणारी मुळं नेमकी तीच. तिथली माती आता उचलली गेलीय आणि भेगेत बोटाची दोन पेरं आत जातात.

‘ते पहिल्यापासूनच झुकलेलं आहे’ असं तुम्ही म्हणता. लहानपणापासून कललेलं झाड वाढता वाढता शेंडा पुन्हा आभाळाकडे वळवतं, त्याचं खोड वरच्या अंगाला बाक घेतं. तुमचं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका रेषेत तिरकं आहे. सरळ वाढलेलं झाड नंतर कललं की असं दिसतं.

हेच झाड मोकळ्या माळावर असतं तर आम्ही त्याला हात लावला नसता. झाड पडेल का, हा निम्माच प्रश्न. कुणावर पडेल आणि तिथे माणूस किती वेळ असतो, हे त्याच्या जोडीने बघावं लागतं. खाली बाक असता तर तो हलवा म्हणालो असतो, गाडी असती तर दुसरीकडे लावा म्हणालो असतो. इथे खाली झोपायची खोली आहे.

शेंडे उडवण्याबद्दल एवढंच, की मुळं कुजलेल्या झाडावर तो इलाज नाही. वजन काही दिवस हलकं होतं, मग कापलेल्या टोकांपासून खाली कूज उतरते आणि तिथेच धुमाऱ्यांची दाटी होते. हे धुमारे वरच्या थरांनाच चिकटलेले असतात, जाड झाले की सहज निखळतात. चांगल्या झाडाचं तर त्यात निव्वळ नुकसानच. म्हणजे फाटकाजवळचं झाड, जे आज भक्कम आहे, तेच काही वर्षांत धोक्याचं होऊन बसेल.

पैशांचं म्हणाल तर आमचं पोट झाडं तोडण्यावर चालतं, पाहण्यावर नाही. तोडणाराच जेव्हा ‘पाडा’ म्हणतो तेव्हा शंका घ्यावीच, त्यात गैर काही नाही. अहवाल तुमचा आहे. जो फक्त पाहणी करतो, तोडत नाही, अशा जाणकाराला तो दाखवा. तोडायला परवानगी लागत असेल तर अर्जालाही जोडता येईल.

तोवर एक करा. रात्री त्या खोलीत झोपू नका, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधलं अंतर लिहून ठेवा. जोराच्या वाऱ्यानंतर, लांब उभं राहून वारा पूर्ण पडेपर्यंत थांबा आणि मगच पुन्हा मोजा. अंतर वाढलेलं दिसलं तर आम्हाला नाही तरी कुणाला तरी त्याच दिवशी बोलवा.