झटका मारून खांदा मोकळा होत नाही

परवा आमच्या परभणीच्या आत्यांच्या फोनवर मेसेज आला: ‘खांदा आखडला तर फिजिओथेरपीत पैसे घालू नका. हाडवैद्याकडून एक झटका मारून घ्या, आतल्या गाठी तुटतात, हात त्याच दिवशी वर जातो. नाहीतर हात गळ्यात बांधून ठेवा, आपोआप बरा होतो. शुगरशी संबंध नाही.’ आत्या झटका घ्यायला निघाल्यासुद्धा होत्या!

आत गाठी नसतातच. फ्रोजन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडण्याच्या या आजारात, सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते, आकसते. जाग्या माणसाचा हात हिसकला की दुखण्याने स्नायू ताठरतात आणि सगळा जोर दंडाच्या हाडावर येतो. पाळी गेलेल्या बाईचं हाड आधीच ठिसूळ असू शकतं. दंड मोडतो, सांधा निखळतो, नस ताणली गेली तर हात लुळा पडतो. दवाखान्यात भूल देऊन खांदा हलवतात हे खरं, पण तेव्हा स्नायू सैल असतात आणि सर्जन दंड खांद्याजवळ धरतात, मनगट नाही. शिवाय ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेला अभ्यास 2020 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. भूल देऊन हलवणं, दुर्बिणीचं ऑपरेशन आणि स्टिरॉइड इंजेक्शनसह फिजिओथेरपी, वर्षभरानंतर तिन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग झटका कशासाठी?

फिजिओथेरपीत पैसे वाया जातात, पण कधी? दहा दिवस नुसता शेक आणि करंट देऊन घरी पाठवलं तर. खरं काम व्यायामाचं. दहा मिनिटं शेकून बाजेवर उताणं पडा. काखेत टॉवेलची घडी, कोपर बरगडीला टेकवून काटकोनात. दोन्ही हातांत तुराटी आडवी धरा आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकला. 15-20 सेकंद थांबा. असं दहादा, दिवसातून तीनदा. बहुतेकांचं कोपर बरगडीपासून सुटतं, मग ताण पिशवीवर बसतच नाही. ओढ जाणवावी, पण रात्रभर ठणकलं तर जोर जास्त झाला. सुरुवातीला दुखणं फार असेल तर ताण नको, वाकून हात नुसता लोंबता झुलवा.

आपोआप बरा होतो हे अर्धं खरं. पण त्याला एक ते तीन वर्षं लागतात, काहींचा हात पुरता वर जातच नाही, आणि गळ्यात बांधून ठेवलेला खांदा आणखी आखडतो.

शुगरचा संबंध तर थेट आहे. मधुमेह्यांना हा आजार जास्त होतो आणि जास्त रेंगाळतो. खांदा आखडला असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, तपासून घ्या. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही दिवस शुगर वाढते, तेव्हा गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा.